शिलाई मशीनमागचं सरकार

गल्लीत मंत्रीबाईंचं घर कुणालाही विचारा, तो नीट सांगायचा. नवख्या माणसाची मात्र हमखास फजिती व्हायची. तो बिचारा दारातली मोठी गाडी, पहारेकरी आणि ताटकळलेली माणसं शोधत यायचा. समोर दिसायची ती पुढची खोली, खिडकीशी शिलाई मशीन, दोरीवर एकेका बाहीचे अर्धवट कोट आणि गळ्यात टेप अडकवून बसलेली एक किडकिडीत बाई.

"मंत्रीबाई आहेत का?"

"आहेत. लांबी कमी करायची की कंबर वाढवायची?"

हे नाव त्यांना कुठल्या सरकारनं दिलं नव्हतं. दिलं होतं विरोधी पक्षानं, म्हणजे त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावानं.

दादा मूळचा वीजमंडळातला मीटर वाचणारा. घरोघर जायचा, आकडे टिपायचा आणि आकड्यांबरोबर घरातली रडगाणीही ऐकून यायचा. कुणाचं पेन्शन अडलंय, कुणाच्या विहिरीत कारखान्याचं पाणी उतरतंय, हे त्याला तोंडपाठ. नदीपलीकडच्या पट्ट्यात त्याला न ओळखणारं घर नव्हतं. मग कुणीतरी डोक्यात भरवलं आणि हा गडी निवडणुकीला उभा राहिला. गंमत म्हणजे निवडूनही आला. त्याचा पक्ष मात्र सपाटून आपटला. झालं, दादाच्या वाट्याला विरोधी बाक आलं आणि त्यानं ते इतकी वर्षं झिजवलं, की त्याच्या कारकिर्दीत दोनदा गादी बदलावी लागली.

पहिल्या भाषणाला त्याची दाणादाण उडाली होती. वह्यांवर कर बसवायचं विधेयक होतं. रात्रंदिवस घोकून गेला होता. मंत्री उठले, एकच प्रश्न विचारला, "मग शाळांच्या दुरुस्तीला पैसा कुठून आणायचा, सन्माननीय सदस्यांनीच सांगावं," आणि आमच्या सन्माननीय सदस्यांची बोलती बंद! सगळं सभागृह हसलं. दादा घरी आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. जेवणाला हात लावेना. वहिनींनी विचारून पाहिलं, तर नुसता भिंतीकडे बघत बसला.

मंत्रीबाई तेव्हा मंत्रीबाई नव्हत्या, नुसती धाकटी बहीण होती. मशीन न थांबवता तिनं विचारलं, "पण मंत्री म्हणाला तरी काय?"

दादानं सांगितलं.

"मग बरोबरच म्हणाला की! छपरं गळतायत. पोरांनी भिजत बसायचं का?"

दादा असा भडकला म्हणता! ताडकन उठला आणि छपराचे पैसे कुठे जातात, ठेकेदार कोण, त्याचा मेहुणा कोण, वही महागली की घरातल्या कुणाची शाळा आधी सुटते, पोराची की पोरीची, सगळं धाडधाड बोलून मोकळा झाला. वहिनी दारात हातातलं भांडं तसंच धरून उभ्या राहिल्या.

"हे तिथे का नाही बोललास?" बहिणीनं विचारलं.

"तिथे सुचलं नाही."

"मग आधी इथे भांडून जात जा."

त्या दिवसापासून त्या खोलीत रीतसर कामकाज सुरू झालं. अधिवेशनाच्या दिवसांत दादा सकाळी अंघोळ करून, सभागृहाकडे जाणारी बस गाठण्याआधी, पुढच्या खोलीत यायचा आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या खुर्चीमागे उभा राहायचा. ते विरोधी बाक. मशीनमागे सरकार. वहिनी सभापती, कापड आखायची लाकडी पट्टी त्या टेबलावर आपटायच्या आणि कुणाची भीडभाड ठेवायच्या नाहीत. "सन्माननीय सदस्यांनी बसून घ्यावं, चहा निवतोय," असा आदेश निघाला की सदस्य मुकाट्यानं बसायचे. ट्रायलला आलेलं एखादं गिऱ्हाईक टाचण्या लावलेल्या पँटमध्ये जिथल्या तिथे उभं असायचं. ती प्रेक्षक गॅलरी. तिला हलायची परवानगी नव्हती, आणि हलली तर टाचणी टोचायचीच.

एरवी बहीणभावाचं अरेतुरे. पण पट्टी आपटली की दादा "माननीय मंत्रिमहोदया, आपण सभागृहाची दिशाभूल करीत आहात" या भाषेत घुसायचा. मंत्रिमहोदया तोंडातल्या टाचण्या काढून "सदस्यांनी आधी आपली माहिती तपासून घ्यावी" असं ऐकवायच्या. एक दिवस पाटबंधारे, दुसऱ्या दिवशी गृहखातं, परवा अर्थ. इतकी खाती एकटीनं सांभाळणारी बाई जगात दुसरी झाली नसेल, आणि तीही काज करता करता!

या कामकाजाला नियम दोनच. सरकारनं मनापासून भांडायचं, भावाकडे बघून ढिलं सोडायचं नाही. आणि घरात हरलेला मुद्दा सभागृहात न्यायचा नाही. जो निरुत्तर झाला तो हरला.

दुसरा नियम दादानं एकदा चांगलाच भोगला. स्कूटरवाल्यांना हेल्मेटची सक्ती करणारं विधेयक आलं होतं. पक्षाचा आदेश होता, कडाडून विरोध करा. दादानं गरिबाच्या खिशावर असं काही भाषण बेतलं होतं, की गॅलरीतल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मंत्रीबाईंनी दोरा दातानं तोडला आणि म्हणाल्या, "सदस्यांच्या मतदारसंघात गरिबाचं डोकं स्वस्त आहे का?"

दादा उभाच राहिला. छताकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. वहिनींनी वाट पाहिली आणि पट्टी आपटली. त्या दुपारी दादानं सभागृहात उठून सरकारच्या विधेयकाला पाठिंबा दिला. सत्ताधारी अवाक झाले. पक्षाच्या नेत्यांनी त्याला कोपऱ्यात घेऊन यथेच्छ झापलं. "कुणाच्या सांगण्यावरून केलंस?" तर म्हणाला, "सरकारच्या." हा किस्सा तो पुढे कितीतरी वर्षं सांगायचा आणि दर वेळी मंत्रीबाईंकडे बघून हसायचा. खऱ्या अर्थमंत्र्यांनाही त्यानं एकदा भर सभागृहात ऐकवलं होतं, "तुमचं काय घेऊन बसलात साहेब, आमच्या घरचे अर्थमंत्री तुमच्यापेक्षा अवघड आहेत."

मंत्रीबाईंना ते दिवस आठवले की आजही छाती भरून येते. विनाचौकशी तुरुंगात टाकायच्या कायद्यावर तीन सकाळी भांडण चाललं होतं. गुरांच्या कुरणाची जमीन कंपनीला द्यायच्या वेळी तर शेजारी खिडकीशी जमले होते. सरकारची बाजू मांडायची म्हणजे ती नीट ठाऊक हवी. मग त्या वर्तमानपत्रातली मंत्र्यांची भाषणं आधी वाचायच्या. सचिवालयातले कारकून कपडे शिवायला यायचे, त्यांची मापं घेता घेता हळूच विचारायच्या, "काय हो, तुमच्या साहेबांचं म्हणणं तरी काय आहे?" कारकून खुशीत सगळं सांगायचे. संध्याकाळी सातच्या बातम्यांत दादाचं एखादं वाक्य आलं, की गल्ली म्हणायची, दादा काय बोलला! मंत्रीबाई मनात म्हणायच्या, हे माझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. एवढ्यावर त्या खूश असत. त्यांना सभागृहाची पायरी चढावीशीही वाटली नव्हती.

सगळ्यांत गाजलं ते नदीकाठच्या प्रसूतिगृहांचं प्रकरण. चार खाटा, एक नर्स, आठवड्यातून उगवणारा डॉक्टर, अशी छोटी प्रसूतिगृहं बंद करून शहरात एकच मोठं रुग्णालय करायचं, असा सरकारचा बेत होता. मंत्रीबाईंनी त्यावर जीव तोडून तयारी केली. आपण सरकार म्हणून इतकं चांगलं कधीच बोललो नव्हतो, असं त्यांचंही मत होतं.

"सदस्यांना भिंती हव्यात की बायका जगायला हव्यात?" त्या म्हणाल्या होत्या. "तिथे रक्त नाही, ऑक्सिजन नाही, डॉक्टर टिकत नाही. दाराशी दवाखाना आहे या भरवशावर बाई तिथे जाते आणि अडली की हात वर होतात. मोठ्या रुग्णालयात सगळं आहे. न्यायला गाडी देऊ. चार खाटांचा खोटा दिलासा काढून घेऊ आणि खरा उपचार देऊ."

वहिनींचा हात पट्टीकडे गेलासुद्धा. आणि मग दादा हळू आवाजात बोलला, "पूल पाण्याखाली असला की आपली गाडी कुठून येणार, मंत्रिमहोदया? बाळ काही रस्ता मोकळा आहे का ते विचारून येत नाही. डॉक्टर टिकत नाही म्हणून दवाखाना बंद करायचा, तर मग मास्तर येत नाही म्हणून शाळा पाडायची का? डॉक्टर पाठवा. रक्त पाठवा. ते तुमचं काम आहे. ते जमत नाही, म्हणून तुम्ही बाईलाच हलवताय."

सरकार निरुत्तर झालं. त्या दिवशी सभागृहातही तेच झालं. विधेयक मागे घ्यावं लागलं. नदीपलीकडच्या प्रसूतिगृहातली नर्स दुसऱ्याच दिवशी बसनं आली, पांढऱ्या गणवेशाचं कापड टाकलं आणि दादाच्या पाया पडायला निघाली. दादा घाबरून मागच्या दारानं पळाला.

मग केस पिकल्यावर कधीतरी दादाचा पक्ष निवडून आला, आणि इतकी वर्षं बाक झिजवणाऱ्या माणसाला मंत्रिपद मिळालं. आरोग्य खातं! दारात धड वळत नाही अशी लांबलचक गाडी गल्लीत आली. वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा गाडीत मागे बसून बाजार केला. दादा आरशासमोर उभा राहून कोटाची बटणं लावायचा, काढायचा. त्याला इतकं खुललेलं मंत्रीबाईंनी लहानपणी, नवी सायकल आली तेव्हाच पाहिलं होतं. गल्ली म्हणाली, आता मंत्रीबाईंचं काय? खरे मंत्री तर घरात आले! त्या म्हणाल्या, "आता मी विरोधात बसेन. सगळी हौस फेडून घेईन."

पण दादा सरकारी बंगल्यावर राहायला गेला आणि सकाळचा यायचा थांबला. त्याच्याकडे आता भाषणं लिहून देणारे अधिकारी होते. मंत्रीबाईंनी ते समजून घेतलं. गडबड आहे, नवं काम आहे, सवडीनं येईल.

आला तो बऱ्याच दिवसांनी. एका सकाळी गाडी कोपऱ्यावर सोडून चालत आला. कोट घातलेला, पण चेहरा उतरलेला. वहिनी मागोमाग आल्या आणि सवयीनं पट्टी हातात घेऊन बसल्या.

"बस गं जरा," तो म्हणाला. "आज तू विरोधी पक्ष."

"विषय?"

"प्रसूतिगृहं. बंद करायचं विधेयक. आज मांडायचंय."

मंत्रीबाईंचा पाय पायडलवरच राहिला. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत म्हणाला, "पैसा नाही खजिन्यात. मोठ्या रुग्णालयाला परदेशी कर्ज मिळतंय, पण छोटी बंद करायची अट आहे. वरून आदेश आहे. नाही म्हटलं तर खातं जाणार."

आणि तो खुर्चीमागे उभा राहून बोलायला लागला. "सदस्यांना भिंती हव्यात की बायका जगायला हव्यात? तिथे रक्त नाही, ऑक्सिजन नाही..."

पहिल्या वाक्यालाच मंत्रीबाईंनी ओळखलं. ही सगळी त्यांची वाक्यं होती. खोटा दिलासा आणि खरा उपचार, तेही त्यांचंच. भावाची जीभ धारदार व्हावी म्हणून सुईदोऱ्यातून डोकं काढून त्यांनी जुळवलेली ती वाक्यं, दादानं इतकी वर्षं जपून ठेवली होती आणि आता ती खरी करायला निघाला होता.

तो बोलायचा थांबला. वाट बघत उभा राहिला.

उत्तर मंत्रीबाईंच्या जिभेवर होतं. शोधायचंही नव्हतं, त्यानंच दिलेलं होतं. पूल पाण्याखाली, मास्तर आणि शाळा, सगळं. एक वाक्य टाकलं असतं तर तो निरुत्तर झाला असता. आणि घरात हरलेला मुद्दा तो सभागृहात नेत नसे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो थेट वर जाऊन नाही म्हणाला असता. मग खातं गेलं असतं, गाडी गेली असती, तो पुन्हा त्या बाकावर, पुन्हा सातच्या बातम्यांतलं एक वाक्य. जन्मभर हा माणूस भांडला आणि जन्मभर मतं मोजताना हरला. आरशासमोर बटणं लावणारा दादा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. एकदा, एकदाच जिंकू दे त्याला, त्यांना वाटलं.

वहिनींनी विचारलं, "विरोधी पक्षाला काही म्हणायचंय?"

मंत्रीबाईंनी मान हलवली. नाही.

"नक्की?" दादानं विचारलं. एवढंच.

"नाही रे. काही सुचत नाही."

वहिनींनी पट्टी आपटली. दादा थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग गेला.

त्या दुपारी मंत्रीबाई पहिल्यांदा सभागृहात गेल्या, खऱ्या गॅलरीत. गॅलरीत बोलायला बंदी असते, दारावरच तशी पाटी होती. खाली दादा बोलत होता. प्रत्येक मुद्दा झाला की थांबायचा. समोरच्या बाकांकडे बघायचा. तिथे नवे सदस्य होते, कागद चाळत होते, एकानं घोषणा दिली, दोघं सभात्याग करून बाहेर गेले. उत्तर कुणीच दिलं नाही. शेजारी बसलेला पत्रकार कौतुकानं म्हणाला, "काय थांबतो हो! मुरलेला वक्ता आहे." मग सभापतींनी विधेयक मताला टाकलं. होयचे बहुमत, होयचे बहुमत. विधेयक मंजूर झालं आणि सगळे बाक वाजवायला लागले.

त्यानंतर नर्सचं पांढरं कापड कधी आलं नाही. पावसाळ्यात नदीपलीकडून बातम्या यायच्या, त्या मंत्रीबाई अर्ध्यावर वाचून ठेवून द्यायच्या. दादा पुन्हा सकाळचा आला नाही. घरी भेटायचा, तब्येत विचारायचा, पण खुर्चीमागे कधी उभा राहिला नाही. मंत्रीबाईंना ते लागलं. मोठा माणूस झाला, आता शिंपिणीशी काय भांडेल, असं त्या वहिनींजवळ बोलूनही गेल्या. पुढच्या निवडणुकीत नदीपलीकडच्या घरांनी दादाला साफ पाडलं. मग वहिनी गेल्या, आणि पट्टी कापड आखायच्याच कामाची उरली.

आता दोघंही म्हातारी झालीत. मंत्रीबाईंच्या सुईत दोरा शेजारची सून ओवून देते. दादा दुपारी येतो, टीव्हीवर सभागृहाचं कामकाज लावतो आणि बहुतेक वेळा डुलक्या घेतो. परवा मात्र तो जागा होता. नदीपलीकडची नवी सदस्य बोलत होती, तरुण बाई. प्रसूतिगृहं पुन्हा उघडा म्हणत होती. मंत्र्यांनी उत्तर दिलं, रक्त नाही, ऑक्सिजन नाही, चार खाटांचा काय उपयोग. बाई अडखळली. हातातले कागद उलटेसुलटे करायला लागली.

"अगं, मास्तर येत नाही म्हणून शाळा पाडायची का, विचार त्याला!" दादा टीव्हीवर ओरडला. म्हातारपणातही आवाज खणखणीत.

मंत्रीबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. इतक्या वर्षांत जे बोलल्या नव्हत्या ते बोलल्या.

"त्या सकाळी मला सुचलं होतं, दादा. हेच."

"ठाऊक आहे."

"मी मुद्दाम गप्प बसले. म्हटलं, तू एकदा तरी जिंकावंस."

दादानं मान डोलावली. त्यानं पडद्यावरच्या त्या बाईकडे बघितलं. ती खाली बसली होती.

"मला एकट्याला नाही म्हणायचा धीर होत नव्हता," तो म्हणाला. "म्हणून गाडी कोपऱ्यावर सोडून तुझ्याकडे आलो. म्हटलं, ती काही मला सोडायची नाही. मी त्या दिवशी हरायला आलो होतो गं."